एका बटणात निकाली

इंग्रजी एक्स हे अक्षर मला आजही डोळ्यांसमोर नको वाटतं. भाचीच्या गणिताच्या वहीत दिसलं तरी मी वही मिटते. तिला त्याचं फार हसू येतं. "मावशी, एक्सला कुणी घाबरतं का?" म्हणते. घाबरत नाही मी त्याला, मला त्याची किळस येते. भाचीला कारण सांगितलं नाही कधी. इथं सांगते.

मी त्या वर्षांत लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याला कारकून होते. घर नांदेड जिल्ह्यात, बिलोलीकडं. तिथं आई एकटी. मी लातुरात खोली घेऊन राहायची आणि रोज एसटीनं तालुक्याला जायची. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही. अंघोळीचं पाणी परातीत साठवून त्यातच कपडे भिजवायचे आणि तेच पुन्हा संडासात टाकायचं. अंगाला सतत एक आंबूस वास. एसटीत सगळ्यांनाच तो असायचा, म्हणून कुणी नाक मुरडत नसे.

ऑफिसात मला टंचाईचं काम दिलं होतं. म्हणजे कोणत्या गावाला टँकर, कोणत्या वाडीला जादा खेप, कुठला बोअर दुरुस्त करायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची. जुन्या दप्तराच्या खोलीत एक कॉम्प्युटर ठेवला आणि दारावर "टंचाई कक्ष" असा कागद चिकटवला. खोलीत उंदरांच्या मुताचा वास भिंतीत मुरलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माऊसची वायर खाल्ली. नवीन माऊससाठी मी मागणीपत्र दिलं. ते मंजूर व्हायची वाट बघत बसले असते तर तालुका तहानेनं मेला असता.

पण मला माऊस लागतच नव्हता. नांदेडला मी कॉम्प्युटर शिकले तिथले सर मोठे विक्षिप्त होते. माऊसकडं हात गेला की बोटांवर लाकडी पट्टी. "बटणं कशाला दिलीत मग?" म्हणायचे. त्यांनीच एक फुकटचं एडिटर दाखवलं होतं. नुसतं लिहायचं, बस. त्यात रंग नाहीत, रकाने नाहीत, काही नाही. ते मी ऑफिसच्या मशीनवर टाकलं आणि "कामं" नावाची एक साधी फाईल उघडली. एक ओळ, एक काम. तातडीचं असेल तर ओळीआधी कंसात "अ". ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की ओळ एक घर वर चढायची. कंट्रोल-डी दाबलं की ओळीची दुसरी प्रत खाली तयार. आणि काम झालं की ऑल्ट-एक्स. हे बटण मी स्वतः बसवलं होतं. ते दाबलं की ओळीआधी एक्स पडायचा, पुढं तारीख यायची आणि ओळ उडी मारून "झालेली" नावाच्या दुसऱ्या फाईलीत जाऊन बसायची.

खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता. इतर टेबलांवर कागदांचे ढिगारे, आणि माझ्याकडं एक पांढरा पडदा आणि त्यावर सरळ ओळी. सकाळी राहिलेल्या ओळी छापायच्या, तो कागद टँकरवाल्यांना द्यायचा. कागदावर ओळ असेल तिथं टँकर जाणार. गावातून "पाणी पडलं" असा फोन आला की मग एक्स. रोजची खेप असेल तर आधी कंट्रोल-डी, मग एकीला एक्स आणि दुसरी उद्यासाठी. फोन आल्याशिवाय एक्स नाही, हा माझा नियम होता. आमच्या खात्यात असा नियम कुणी ऐकलेला नव्हता. आमच्यात कागद आपल्या टेबलावरून उठला की काम झालं. तो पुढं कुठं गेला, कुणी वाचला की त्यावर भजी खाल्ली, हे ज्याचं त्यानं बघावं.

त्या फाईलीत एक ओळ होती: "वस्ती, चौदा घरं, वेगळी टाकी, रोज एक खेप."

ती एका निवृत्त गुरुजींमुळे आली होती. गावापासून हाकेच्या अंतरावर त्यांची वस्ती, सगळी आमच्याच समाजाची, बौद्ध. गावाचा टँकर गावाच्या विहिरीत रिकामा व्हायचा. वस्तीतल्या बायकांना कुणी तोंडानं नाही म्हणत नव्हतं. नुसतं "थांबा जरा" म्हणायचे. गावाचं भरून होईपर्यंत थांबायचं, तोवर विहिरीत राहायचा तो चिखल. हे ऐकताना मला नवल वाटलं नाही. माझ्या आईनं बिलोलीकडच्या गावात हेच "थांबा जरा" आयुष्यभर ऐकलं.

वेगळी खेप हवी तर अर्ज ग्रामपंचायतीमार्फत यायला लागतो. त्या सरपंचाच्या एका सहीसाठी गुरुजींनी आठ हेलपाटे घातले. पत्र घेऊन आले तेव्हा शर्टाची कॉलर घामानं काळी झाली होती, पण बटणं गळ्यापर्यंत लावलेली. टेबलाजवळ येऊन हळूच "जय भीम, ताई" म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. मी त्यांच्यासमोरच ओळ लिहिली, ऑल्ट धरून वर नेली. त्यांनी चष्मा सारखा करून पडद्याकडं बघितलं.

"ही वळ हितं हाय तवर टँकर येणार?"

"येणार."

"मग ऱ्हाऊ द्या बाई तिला तिथंच. मला दुसरं काय न्हाई पाहिजे. वस्तीतलं घर हललं न्हाई पाहिजे फक्त. एकदा पुण्याला गेलेलं घर परत येत न्हाई, ताई. लेकरांची शाळा तुटती. चौदाची आठ झाली तर पुढच्या साली आमाला कोन विचारतंय?"

महिनाभर ती खेप नीट चालली. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा, "ताई, पडलं पाणी." मी कंट्रोल-डी, ऑल्ट-एक्स. दिवसातलं तेवढंच एक काम मला घशाखाली उतरायचं.

त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याची हवा उठली. आमचा तालुका फुटणाऱ्या नव्या जिल्ह्यात जाणार, कदाचित मुख्यालयसुद्धा आमच्याकडंच येणार, अशी बोलणी. चौकात फटाके फुटले. प्यायला पाणी नसलेल्या गावात लोक एकमेकांना पेढे भरवत होते आणि मग पाण्यावाचून ठसके खात होते. आमच्या साहेबांच्या डोक्यात तर तो जिल्हा शिरलाच. माणूस तसा वाईट नव्हता. सुरुवातीला भर उन्हात विहिरी बघत हिंडायचा. पण जिल्ह्याची बातमी आल्यापासून माझ्या फाईलीत नव्याच ओळी घुसल्या. नवीन जिल्हा, इमारतींची माहिती. नवीन जिल्हा, जागेचा नकाशा. नवीन जिल्हा, खुर्च्यांचा अंदाज. सगळ्यांच्या आधी "अ". साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहून सांगायचे, "ही वर घ्या मॅडम. अजून वर." मी ऑल्ट धरून खुर्च्यांना पाण्याच्या वर चढवत राहायची. ते वाकून पडद्यावर बोट टेकवायचे, भज्यांचं तेल तिथं राहायचं. तोंडाला कच्च्या सुपारीचा वास. ते गेले की मी ओढणीच्या टोकानं काच पुसायची, पण तेल पसरायचं नुसतं.

मग एक्सचा नियम बदलला. "पत्र गेलं की एक्स मारा," साहेब म्हणाले, "फोनची कसली वाट बघता?" मी मारायला लागले. एवढंच केलं, की पाण्याच्या ओळी वाचवल्या. पुलाखालच्या रस्त्याची, बोअरच्या मोटरीची, असल्या ओळींना पत्र गेल्याबरोबर एक्स. त्या मोटरी बसल्या का, मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी दुपारी जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, होती. सगळे तालुके एका पडद्यावर, आणि एकेकाला उभं करून प्रलंबित कामांचा आकडा विचारायचा. बाराच्या सुमाराला साहेब आत आले. त्यांना घाम सुटला होता.

"आपले किती राहिलेत?"

"त्रेचाळीस."

"शेजारचा तालुका नऊ सांगतोय. नवीन जिल्हा होणाराय मॅडम, आणि आपण त्रेचाळीस सांगायचं? शून्य करा."

"साहेब, त्यात रोजच्या खेपा आहेत. पाणी..."

"मी पाणी थांबवा म्हणतोय का? पाणी चालू द्या. नुसते एक्स मारा."

आजही वाटतं, त्या वेळी म्हणायला हवं होतं की ओळ गेली तर पाणी जातं, टँकरवाल्याचा कागद इथूनच निघतो. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण माझा बदलीचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. आईला उठताबसता आधार लागत होता, मला नांदेड जिल्ह्यात जायचं होतं, आणि शिफारशीची सही त्यांची. मी कंट्रोल-ए दाबलं. त्रेचाळीस ओळी निळ्या झाल्या. ऑल्ट-एक्स. फाईल कोरी.

"वा!" साहेब म्हणाले. "एका बटणात निकाली!" आणि माझ्या पाठीवर थाप मारायला उचललेला हात खुर्चीवर मारला.

व्हीसीत आमचं कौतुक झालं. शून्य सांगणारा तालुका आमचा एकटाच. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना चहा-भजी मागवली. मीही दोन खाल्ली. गरम होती, चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळी परत आणायला बसले, तर साहेब दारातच. "काय करताय? वर शून्य गेलंय. आता त्यातली एकही ओळ परत दिसता कामा नये. ज्याला गरज असेल तो नवीन अर्ज देईल, ग्रामपंचायतीमार्फत. नवीन अर्ज नवीन तारखेला." मी हात मागं घेतला. गावांच्या ठरलेल्या खेपा वेगळ्या यादीत होत्या, त्या चालू राहिल्या. जादा खेपांचा कागद कोराच निघाला. टँकरवाल्यानं उलटसुलट करून बघितला.

"वस्तीची खेप न्हाई व्हय आज?"

"नाही."

"का वो? पाऊस पडला का तिकडं?"

मी पडद्याकडं वळले. तो हसत गेला.

तिसऱ्या दिवसापर्यंत फोनाफोनी झाली. या सरपंचानं त्या पुढाऱ्याला सांगितलं, त्यानं साहेबांना, आणि नवे अर्ज शिपायाच्या हातून माझ्या टेबलावर. बहुतेक ओळी नव्या तारखा घालून परत आल्या. वस्तीची आली नाही. चौथ्या दिवशी गुरुजी आले.

"ताई, टँकर येईना झालाय. काय झालं?"

"नवीन अर्ज लागतो, गुरुजी. ग्रामपंचायतीमार्फत."

"पर जुनं पत्र फाइलीला हाय की. तेच चालवा."

"नवीन लागतं."

हे मी म्हणाले. माझाच आवाज, पण अगदी ऑफिसातला, ऐकणाऱ्याला दारापर्यंत ढकलत नेणारा. मला तो आवाज चांगला ओळखू आला. जातीच्या दाखल्यासाठी मी लहानपणी आईचा हात धरून खिडकीशी उभी राहायची, तेव्हा तो आतून यायचा.

गुरुजी सरपंचाकडं गेले. सरपंच म्हणाला, "एकदा दिलं की पत्र. किती डाव द्यायचं?" सातव्या दिवशी गुरुजी पुन्हा आले, दोन घरांना कुलूप लागलं म्हणाले. विहिरीवर वस्तीतल्या एका सुनेची घागर कुणीतरी लाथेनं उडवली, त्यावरून बाचाबाची झाली, आणि तिचा नवरा बायकोपोरं घेऊन हैदराबादला वीटभट्टीवर गेला. दहाव्या दिवशी आले तेव्हा कुलपं पाच झाली होती. मी प्रत्येक वेळी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चहा देताना मला स्वतःची इतकी शिसारी आली की कपाला हात लावावासा वाटेना. चहा पाजायला हात धजत होता. बटण दाबायला धजत नव्हता.

बाराव्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि माझ्या बदलीच्या शिफारशीवर सही केली. "नवीन जिल्ह्यात तुमच्यासारखी माणसं लागतील, पण आई महत्त्वाची," म्हणाले. मी आभार मानले. कागदाची झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवली आणि टंचाई कक्षात येऊन दार लोटलं. "झालेली" उघडली, कंट्रोल-एफ, वस्ती. ओळ उचलली, "कामं"मध्ये टाकली, ओळीआधीचा एक्स पुसला, "अ" घातला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा गेलं नाही.

लोकांना मी हे सांगते तेव्हा कुणी म्हणतं, धाडस केलंत. कसलं धाडस? सही पर्समध्ये गेल्यावर केलं. आणि ज्याची मला बारा दिवस भीती होती ते झालंच नाही. साहेबांनी फाईल बघितलीच नाही. त्यांच्या टेबलावर नव्या जिल्ह्याचा नकाशा पसरला होता, कडांवर पेपरवेट ठेवलेले. मी पहिल्या दिवशी ओळ परत आणली असती तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या केबिनमध्ये चढले. टँकरवाला म्हणाला, "मॅडम, तुमी कशाला ऊन खाता?" मी म्हणाले, बघायचंय. वस्तीवर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. कुत्रं भुंकलं नाही. दारांना कुलपं, काही दारांना नुसती तार गुंडाळलेली. एका अंगणात लहान मुलाची एकच चप्पल. मी मोजत गेले. चौदापैकी दहा बंद. टाकीला चिलटं लागली होती, तळाशी हिरवा गाळ. टँकरवाल्यानं झटक्यात पाइप आत टाकला. मी म्हणाले, आधी धुवा तरी. तो म्हणाला, "धुवायला पानी कुठलं, मॅडम?" टाकी भरली. भरून न्यायला चारच घरं, म्हणून काठावरून वाहायला लागली तरी त्यानं पाइप काढला नाही. पूर्ण खेप रिकामी केल्याशिवाय त्याची नोंद होत नव्हती. पाणी मातीत जात होतं आणि आम्ही दोघं बघत उभे होतो.

गुरुजी घरातून आले. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी खाली बघितलं. त्यांनी टँकरवाल्याच्या वहीत सही केली, पूर्ण नाव, खाली तारीख. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, एक विचारू का? तुमच्याकडं ती वळ होती. मग गेली कशी?"

मला वाटतं मी तेवढ्यासाठीच तिथं गेले होते. बसमध्ये, केबिनमध्ये, मनात वाक्य तयार होतं: गुरुजी, मीच काढली, या बोटांनी. ते वाक्य तोंडापर्यंत आलं.

"मशीनमधून उडाली," मी म्हणाले. "कॉम्प्युटरचा घोटाळा झाला."

गुरुजींनी मान हलवली. त्यांना पटलं. इतकं लगेच पटलं की मला ओरडावंसं वाटलं, पटवून घेऊ नका.

"मशीनला काय कळतंय, ताई," ते म्हणाले. "तुमी होता म्हणून परत तरी आली. दुसरं कोन असतं तर कुनी बघितलं असतं आमच्याकडं?"

मग आत गेले, आणि नव्या पाण्यातलं नाही, घरात माठात जपून ठेवलेलं गाळलेलं पाणी तांब्याभर घेऊन आले. त्यांच्या बायकोनं दारातून सांगितलं, वरून नको, तोंड लावून प्या. मला तहान लागली होती. मी तांब्याला तोंड लावलं आणि संपेपर्यंत प्यायले. त्यांनी विचारलं, अजून आणू का? मी हो म्हणाले.